छोट्या ट्रॅक्टरची निवड : फवारणीच्या नजरेतून

द्राक्षबागेत ब्लोअर फिरून चार दिवस झाल्यावर पान उलटावे तर खाली तुडतुडे तसेच, घड उघडून पाहावा तर आतल्या बाजूस पिठ्या ढेकूण तसाच. असे झाले की दोष कीटकनाशकाला दिला जातो. पुढची फवारणी वेगळ्या औषधाची होते, कधी मात्राही वाढवली जाते. कीड प्रतिकारक्षम होण्याचा आणि मालात अवशेष राहण्याचा धोका तेथूनच वाढतो. वास्तविक पुष्कळदा औषध किडीपर्यंत पोचलेलेच नसते आणि त्याचे कारण नोझलच्याही मागे, ट्रॅक्टरमध्ये दडलेले असते.

नाशिक, सांगली किंवा कर्नाटकातील विजयपूरच्या द्राक्षपट्ट्यात २० ते ३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला जातो तो प्रामुख्याने ब्लोअरसाठी. तरीही खरेदीच्या वेळी चर्चा रंगते ती इंजिनाच्या अश्वशक्तीची. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा इंजिनाचा असतो. ब्लोअरला मिळते ती पीटीओची शक्ती, आणि ती साधारणतः १० ते १५ टक्क्यांनी कमी भरते. ब्लोअरच्या उत्पादकाने सांगितलेली गरज या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहावी. भरलेली टाकी ओढण्यासाठी लागणारी शक्ती त्याखेरीज हिशेबात धरावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की पीटीओचे ५४० फेरे इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतात? डिझेल वाचावे म्हणून चालक थ्रॉटल कमी ठेवतो आणि पीटीओ ४०० फेऱ्यांवर येतो असे समजा. पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांशावर येते. त्या हवेमागची शक्ती मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात घटून जेमतेम ४० टक्के उरते. फसगत होते ती येथे. पंपाचा दाब नियंत्रकावर बांधलेला असल्याने दाबमापीचा काटा बहुधा जागचा हलत नाही. पानांची दाटी हलवून थेंब आत नेणारी हवा क्षीण झालेली असते आणि चालकाला सारे ठीक दिसत असते. ज्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही ५४० मिळवून देणारा इकॉनॉमी पीटीओ असतो, तेथे इंधनाची बचत पंख्याच्या जिवावर होत नाही. मात्र त्या स्थितीत इंजिनाची पूर्ण शक्ती उपलब्ध नसते. मोठ्या पंख्याच्या ब्लोअरवर आधी चालवून खात्री करावी.

क्लचची रचनाही विचारून घ्यावी. एकेरी क्लच असल्यास गिअर बदलताना पंखा आणि पंप दोन्ही थांबतात. ओळीच्या टोकाला प्रत्येक वळणावर हे घडले, की पुढच्या ओळीतील पहिल्या काही वेलींना अपुरी फवारणी मिळते. शिवाय टाकीतील ढवळणे थांबून पाण्यात मिसळणारी भुकटी तळाशी बसू लागते. दुहेरी क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असल्यास चाके थांबली तरी पंखा फिरत राहतो. फवारणीच्या कामात ही सोय चैनीची मानू नये.

आता वेगाकडे वळू. ओळींतील अंतर ३ मीटर आणि ब्लोअरचा विसर्ग मिनिटाला २० लिटर धरला, तर ताशी ४ किलोमीटर वेगाने हेक्टरी १,००० लिटर द्रावण पडते, ५ किलोमीटरने ८००, तर ६ किलोमीटरने सुमारे ६६७. म्हणून पीटीओ ५४० फेऱ्यांवर असताना ताशी ३ ते ५ किलोमीटरच्या टप्प्यात किती गिअर मिळतात, हे पाहणे अगत्याचे आहे. एकूण गिअर किती, हा आकडा त्यापुढे गौण. वेग मोजण्यास उपकरण लागत नाही : १०० मीटर अंतर पार करण्यास लागलेल्या सेकंदांनी ३६० ला भागावे. ९० सेकंद लागले तर वेग ताशी ४ किलोमीटर.

बाकीच्या गोष्टी टेपने मोजता येतात. ट्रॅक्टरची एकूण रुंदी बागेतील सर्वांत अरुंद जागी, छाटणीनंतर नव्हे तर पूर्ण वाढलेल्या फुटव्यांत मोजावी. मांडव पद्धतीत उंची आणि धुराड्याची दिशाही पाहावी. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, की वापसा येण्याआधीच केवड्यासाठी बागेत शिरावे लागते. काळ्या जमिनीत तेव्हा चारचाकी चालनाचा उपयोग कळतो. ब्लोअर मागे उचलून धरण्याचा असेल तर ४०० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन ४०० किलो होते. लिफ्टची सांगितलेली क्षमता जोडदांड्यांच्या टोकांशी मोजलेली असते. भार त्याच्या जितका मागे, तितकी ती कमी पडते. पीटीओच्या शाफ्टवरील संरक्षक आवरण नसेल, तर ते बसवून घेतल्याशिवाय यंत्र ताब्यात घेऊ नये.

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रसामग्री प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालात पीटीओची मोजलेली शक्ती, लिफ्टची क्षमता, वळण-त्रिज्या असे तपशील असतात. विक्रेत्याकडे त्या विशिष्ट मॉडेलचा अहवाल मागावा. विस्तार कार्यकर्त्यांनी गटखरेदीच्या बैठकीत तो पुढ्यात ठेवून माहितीपत्रकाशी ओळीओळीने ताडला, तर बरेच प्रश्न तेथेच सुटतात.

त्यानंतर प्रात्यक्षिक स्वतःच्याच बागेत, टाकीत साधे पाणी भरून मागावे. पाण्याने निळे होणारे पिवळे कागद दाट पानांच्या आत, काही पानांच्या वरच्या तर काही खालच्या बाजूस टाचावेत. दोन-चार घडांच्या मागेही लावावेत. ब्लोअर नेहमीच्या वेगाने न्यावा. आतले कागद पिवळेच राहिले, तर गिअर व थ्रॉटल बदलून पुन्हा एक फेरी घ्यावी. तरीही ते पिवळेच राहिले, तर त्या ट्रॅक्टरचा आणि ब्लोअरचा मेळ त्या बागेशी बसत नाही. बयाणा देण्याची घाई करू नये.