यहूदाने विश्वासघात केला की धरून दिलं?

मराठी बायबलमध्ये यहूदा इस्कर्योत हा येशूला ‘धरून देणारा’ आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘पारादिदोमी’, म्हणजे हवाली करणे. रोमकरांस पत्रात (८:३२) पौल हेच क्रियापद देवासाठी वापरतो: देवाने स्वतःच्या पुत्राला आपल्यासाठी दिलं. म्हणजे ‘विश्वासघात’ हा अर्थ शब्दात नाही, संदर्भातून येतो.

आता हेतू बघा. मार्क तो सांगतच नाही. मत्तयात यहूदा मोबदला विचारतो, चांदीची ३० नाणी घेतो. लूक म्हणतो, सैतान शिरला. योहान त्याला चोर ठरवतो.

मित्रांनो, या चौघांची सरासरी काढू नका. आधी कोण काय म्हणतो ते वेगवेगळं नोंदवा, मग अर्थ लावा. नाहीतर पुरावा वाचण्याआधीच आरोपी ठरलेला असतो.