पहिला एअरब्रश कोणता घ्यावा?

विमाने, रणगाडे, आगगाडीची इंजिने यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती जुळवून रंगविण्याचा छंद ज्या घरात शिरला, त्या घरात एअरब्रशची मागणी केव्हा ना केव्हा पुढे येतेच. साध्या कुंचल्याने भागत नाही काय, असा प्रश्न वडील मंडळी विचारतात, व तो रास्तही आहे. त्याचे उत्तर गणितात आहे. १:७२ या प्रमाणात १२ मीटर पंखविस्ताराचे विमान १७ सेंटिमीटरांहूनही थोडे कमी भरते. अशा प्रतिकृतीवर कुंचल्याने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा थर बसला, तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटरांहून जाड लेप झाला! पत्र्यांचे सांधे, रिबिटे सारी त्याखाली बुजून जातात. फवाऱ्याचा थर याहून पुष्कळच पातळ बसतो.

हे साधन तसे जुनेच. १८७९ साली अमेरिकेतील आयोवा प्रांतात ॲब्नर पीलर नावाच्या गृहस्थाने त्याचा आद्य नमुना सिद्ध केला. त्यामागचे तत्त्व साधे आहे. निमुळत्या तोंडाभोवतून दाबाची हवा वेगाने निसटली म्हणजे तेथील दाब उतरतो, रंग आपसूक ओढला जातो व त्याचे तुषार होतात. तोंडातील बारीक सुई जितकी मागे सरावी तितका रंग अधिक सुटतो.

नवशिक्याची पहिली चूक बहुधा अशी होते की, जितके तोंड बारीक तितके काम नाजूक, असे समजून तो ०.२ मिलिमीटरचे तोंड निवडतो. ॲक्रिलिक रंग त्यात घटकेघटकेला वाळून बसतो. रुपेरी-सोनेरी रंगांतील कण तर अडकतातच. ०.३ मिलिमीटर हे माप पहिल्या खरेदीस उत्तम. अतिसूक्ष्म रेषांचा हव्यास फवाऱ्याकडून धरूच नये. नवी मुंबईहून पनवेलमार्गे दक्षिणेस गेले म्हणजे पेण लागते. तेथील गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्याने देतात, परंतु डोळ्यांची आखणी कसलेला कारागीर हातातल्या कुंचल्यानेच करतो. दोन्ही साधनांची कामे त्या मंडळींनी बरोबर वाटून घेतली आहेत.

रंगाची वाटी वर असलेला ब्रश घ्यावा. त्यात रंग स्वभारानेच खाली येतो, त्यामुळे कमी दाब पुरतो व चार थेंबांतही काम भागते. खाली बाटली लावण्याचा प्रकार मोठ्या पृष्ठभागांसाठी बरा. खटका दुहेरी क्रियेचा असावा, म्हणजे दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. एकेरी खटका सोपा वाटतो खरा. पण त्यात रंगाचे मान काम चालू असताना बोटाने बदलता येत नाही, आणि लागलेली सवय पुढे मोडावी लागते. दुहेरीत क्रम एवढाच सांभाळावयाचा: आरंभी हवा आधी व रंग मागाहून, थांबताना रंग आधी बंद, हवा मागाहून. सुटी सुई, तोंड व रबरी कडी त्याच दुकानी मिळतात की नाही, हे किंमत विचारण्यापूर्वी विचारावे. सुईचे टोक एकदा तरी वाकतेच.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची, व नेमकी तीच शेवटी उरलेल्या पैशांत उरकली जाते. ती म्हणजे हवा. टाकी नसलेल्या लहान कॉम्प्रेसरची हवा ठोक्याठोक्याने येते व रंगही तसाच बसतो. टाकी असली म्हणजे प्रवाह एकसारखा राहतो. खाडीकाठच्या या शहरात तिचा दुसराही उपयोग आहे. पावसाळ्यात येथील हवेत पाण्याची वाफ भरपूर असते. दाबताना हवा तापते, मग निवते, आणि निवताना तिच्यातील वाफेचे पाणी होते. ते टाकीच्या तळाशी बसले तर ठीक. नाहीपेक्षा नळीवाटे येऊन ऐन पंखावर थेंब उडवते. म्हणून टाकी, दाबमापक व पाणी अडविणारी गाळणी ही तिन्ही हवीतच. ब्रश साधा चालेल, परंतु यांत काटकसर करू नये.

दाब दर चौरस इंचास १५ ते २० पौंड ठेवावा आणि रंग दुधाइतका पातळ करावा. प्रथम जुन्या पुठ्ठ्यावर ठिपके व रेघा घोटाव्यात. फ्लॅटमध्ये बंद खोलीत हे काम करू नये. पाण्यात विरघळणारा रंगही तुषार होऊन छातीत जातो. थिनरच्या रंगाची वाफ तर कापडी मुखपट्टीने मुळीच अडत नाही. त्यासाठी वाफ शोषणारी गाळणी असलेला मुखवटा हवा, आणि स्वयंपाकघरातील शेगडी दूर हवी. मुले हा छंद करीत असतील, तर त्यांना पाण्याचेच रंग द्यावेत.

रंग बदलताना व काम संपताच ब्रश धुवावा. सुई मागच्या बाजूने अलगद काढावी, तोंडाचा बारीक आटा पान्याने आवळू नये. तो तुटला म्हणजे नवे तोंडच घ्यावे लागते. पावसाळ्यात रोजचे काम आटोपल्यावर टाकीतील हवा सोडून खालच्या तोटीने साचलेले पाणी काढून टाकावे.