गंजलेला बोल्ट सोडवावा कसा?

वसंत व्याख्यानमाला म्हटली की साहित्य, इतिहास, समाजकारण हे विषय ओघानेच येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात या परंपरेचा पाया घातला तेव्हा गंजलेल्या बोल्टावर कधी व्याख्यान होईल, असे कोणाच्या स्वप्नातही नसेल. पण लोकांना उपयोगी पडेल ते ज्ञान लोकांपर्यंत न्यावे, हा या परंपरेचा मूळ हेतू आहे, आणि कोयनानगरात ज्याच्या दारी मोटारगाडी आहे त्याला आजच्या विषयाइतका उपयोगी विषय क्वचितच सापडेल. वैशाख सरत आला आहे. महिनाभरात मृगाचा पाऊस सुरू होईल. तेव्हा बोलायचे ते आताच बोललेले बरे.

आपल्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडे माण तालुक्यात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. इथे कोयनेच्या खोऱ्यात तोच आकडा पाच हजारांच्या आसपास जातो. एकाच दिवशी विकत घेतलेल्या दोन गाड्या, एक म्हसवडला आणि एक कोयनानगरला ठेवा. दहा वर्षांनी दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून पाहा. म्हसवडच्या गाडीचे नट पान्याला मुकाट्याने वळतील. इथल्या गाडीचे नट कोणते आणि लोखंड कोणते हेच ओळखू येणार नाही. त्यातून आपली गाडी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-गुहागरकडे वरचेवर जात असेल, तर पाण्याच्या जोडीला समुद्राचे मीठही येते. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू हे दोन्ही लागतात. मीठ त्या कामाला घाई लावते.

आता बोल्ट म्हणजे काय, ते पाहू. कुंभार्ली घाटाचा रस्ता सरळ डोंगरावर चढत नाही. वळणे घेत, थोडा थोडा चढत जातो. एका सळईभोवती असाच एक रस्ता गुंडाळला म्हणजे त्याचे आटे झाले. जुन्या पुस्तकांत यालाच मळसूत्र म्हणत. दहा मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या बोल्टावर नट एक पूर्ण फेरा फिरला की दीड मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे सुमारे एकतीस मिलिमीटर चालून दीड मिलिमीटर चढायचे. चढ इतका सौम्य असल्यामुळे घर्षणानेच नट जागच्या जागी राहतो, आपोआप घसरत नाही. पान्याला आपण लावलेल्या जोरापैकी बहुतेक जोर हे घर्षण जिंकण्यात जातो. साधारणपणे निम्मा जोर नटाच्या बुडाशी, चाळीस टक्के आट्यांत, आणि उरलेला दहावा हिस्साच काय तो दोन भाग एकमेकांवर आवळण्याच्या कामी येतो.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळच्या लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत अगदी बारीक फट असते. त्या फटीत फुगलेला गंज पाचरीसारखा ठासून बसतो. रिव्हेट ठोकतात ती पुन्हा काढायची नसते. बोल्ट लावतात तो पुन्हा उघडता यावा म्हणूनच. गंजलेला बोल्ट म्हणजे रिव्हेट होऊन बसलेला बोल्ट. त्याला पुन्हा बोल्ट करणे हे आपले काम.

या कामात सर्वांत मोठा शत्रू गंज नव्हे, आपली घाई. हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमच्या जुन्या जीपच्या धुराड्याच्या नळीचा जोड एका संध्याकाळी आम्ही सोडायला घेतला. नट हलेना. आम्ही पान्यात हातभर लांबीचा पाइप घातला आणि अंगाचा सारा भार टाकला. नट फिरला! आनंद क्षणभरच टिकला, कारण नटाबरोबर बोल्टाचे अर्धे धूडही हातात आले. शेजारी एक वृद्ध मिस्त्री राहत. त्यांचे सारे आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलेले. ते येऊन बघून म्हणाले, “मास्तर, लोखंडाशी कुस्ती खेळू नगा. दुसऱ्या बोल्टाला आज त्याल पाजा आन् झोपा. सकाळी बघू.” दुसरा बोल्ट सकाळी सुटला. पहिल्याने आमचे तीन दिवस खाल्ले.

हिशेबच करून पाहा. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर वीस किलो भार दिला, तर जेवढा पीळ पडतो त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक पिळाने आठ मिलिमीटरचा नेहमीचा बोल्ट तुटू शकतो. वीस किलो भार म्हणजे धडधाकट माणसाच्या मनगटाचा खेळ. मग पाइप लावल्यावर काय होणार, ते सांगायला नको.

आता क्रमाने जाऊ. आधी जिवाची काळजी. गाडी सपाट, टणक जागेवर घ्यावी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, आणि जॅकने उचललेली गाडी भक्कम लोखंडी घोडीवर टेकवल्याखेरीज कोणीही खाली शिरू नये. नुसत्या जॅकवरची गाडी केव्हा दगा देईल याचा नेम नाही. डोळ्यांना चष्मा हवा, कारण गंजाचे पापुद्रे नेमके डोळ्यांतच उडतात.

मग तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ करावेत. बाहेर दिसणाऱ्या आट्यांवरचा गंज निघाला नाही, तर नट त्यावरून जाणार कसा? यानंतर बरोबर मापाचा पाना. आपल्या देशात जीप आल्या त्या इंची आट्यांच्या, फियाट आल्या त्या मेट्रिक आट्यांच्या, आणि इंग्रजी यंत्रांवर १८४१ सालच्या व्हिटवर्थच्या पद्धतीचे आटे. त्यामुळे जुन्या घरांतल्या हत्यारपेटीत तिन्ही वंशांचे पाने एकत्र नांदतात. ‘जवळपास बसतो’ असा पाना नटाचे कोपरे खाऊन टाकतो. गंजलेल्या नटाला बारा कोनांच्या पान्यापेक्षा सहा कोनांचा सॉकेट बरा. तो कोपऱ्यावर न रेलता सपाट बाजूवर जोर देतो.

नट कोणत्या दिशेने सुटतो हेही पाहावे. सामान्यतः घड्याळाच्या काट्याच्या उलट. पण जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. ते सोडतो आहोत असे समजून आवळीत बसणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत.

आता तेल. इंजिनाचे तेल घट्ट असते, ते फटीत उतरत नाही. बाजारात गंज सोडवण्यासाठी मिळणारे पातळ तेल घ्यावे. समईच्या वातीत तेल ज्या बळाने वर चढते त्याच केशाकर्षणाने हे तेल आट्यांत शिरते. पण वात भिजायलाही वेळ लागतो. संध्याकाळी तेल सोडावे, झोपण्यापूर्वी पुन्हा सोडावे, सकाळी पुन्हा. नटाच्या बुडाशीही सोडावे, कारण निम्मे घर्षण तिथेच आहे. मधूनमधून हातोडीने बोल्टाच्या डोक्यावर नेमके ठोके द्यावेत. त्या हादऱ्यांनी गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. ठोका आट्यांच्या टोकावर मात्र देऊ नये. तिथले आटे चेपले की नट निघायचाच नाही.

सकाळी पाना लावला की आधी नट किंचित आवळून पाहावा. हे उलटे वाटते, पण गंजाची पकड कोणत्याही दिशेने मोडली तरी चालते. एकदा कुरकुर आवाज येऊन नट हलला की हर्षभराने फिरवत सुटू नये. पाव फेरा सोडावा, थोडा परत आवळावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावा. जड लागू लागला की मागे यावे. हाताला नट ‘रबरासारखा’ लागू लागला, म्हणजे तो फिरत नसून बोल्ट पिळला जात आहे. तिथेच थांबावे.

तेलाने भागले नाही तर उष्णता. लोखंड तापले की प्रसरण पावते. दहा मिलिमीटर भोकाचा नट तीनशे अंशांनी तापवला तर भोक सुमारे साडेतीन शतांश मिलिमीटरने मोठे होते. आकडा क्षुल्लक दिसतो, पण गंजाची पाचर सैल करायला तो पुरतो. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे. बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसला असेल तर भोवतालचे ॲल्युमिनियम बेताने तापवावे. ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. नट गरम असतानाच आट्यांपाशी मेणबत्ती टेकवली तर वितळलेले मेण आत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. पण पेट्रोलची टाकी व नळ्या, ब्रेकचे पाइप, रबराचे भाग, शॉक ॲब्सॉर्बर आणि आजच्या गाड्यांतील एअरबॅग यांच्या जवळ ज्योत नेणे म्हणजे आगीशी खेळ. आधी शिंपडलेले तेलही पेट घेते; ते पुसून घ्यावे. ब्रेक साफ करण्याच्या काही द्रवांत क्लोरीनयुक्त पदार्थ असतात. ते तापले की विषारी वायू निघतो. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या जाड नारिंगी तारांच्या आसपास तर घरगुती कारागिरी करूच नये.

नटाचे कोपरे गेले आणि नट नवा मिळणारा असेल, तर त्याची दयामाया नको. छिन्नीने किंवा करवतीने नट उभा चिरावा, बोल्ट वाचतो. चार रुपयांच्या नटासाठी चार हजारांचा भाग मोडण्यात शहाणपण नाही.

इतके करूनही बोल्ट तुटलाच, तर? पहिली गोष्ट, हातपाय गाळू नयेत. डोके तुटल्याबरोबर बोल्टावरचा ताण नाहीसा होतो, आणि उरलेला तुकडा पुष्कळदा आधीपेक्षा सैल झालेला असतो. तुकडा बाहेर डोकावत असेल तर ग्रिप पक्कडीने धरावा, किंवा दोन बाजू कानशीने सपाट करून पाना लावावा. आटे चांगले असतील तर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालचा नट सोडवण्याच्या दिशेने फिरवावा. वेल्डिंगवाला जवळ असेल तर तुकड्यावर नवा नट वेल्ड करून घेणे सर्वांत उत्तम. डोकेही मिळते आणि उष्णताही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढायला विसरू नये.

तुकडा आतच राहिला असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी. या एका खुणेवर पुढचे सारे अवलंबून आहे. ती चुकली तर ड्रिल बोल्ट सोडून भोवतालच्या मऊ धातूत शिरते. मग सावकाश, तेल देत, बोल्टाच्या निम्म्या व्यासाचे भोक पाडावे. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर पुष्कळदा भोक पाडता पाडताच तुकडा फिरून बाहेर येतो. नाही आला तर उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर लावतात. पण सावध! हे हत्यार फार कठीण आणि म्हणूनच ठिसूळ असते. ते आत तुटले तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही आणि दुखण्यापेक्षा औषध भारी पडते. जोर फार लागत असेल तर ते बाजूला ठेवावे आणि ड्रिल पायरीपायरीने वाढवत न्यावे. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्यांसाठी साडेआठ मिलिमीटरपर्यंत भोक आले की जुन्या आट्यांची उरलेली तार टोकदार हत्याराने उचलून काढता येते, आणि टॅप फिरवून आटे साफ करता येतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बोल्ट सुटला म्हणजे काम संपले नाही. जो बोल्ट गंजला, तापला, पिळला गेला, त्याचा विश्वास धरू नये. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांच्या जोडण्यांत तो पुन्हा घालणे हा गुन्हाच समजावा. नवा घ्यावा तोही त्याच दर्जाचा. डोक्यावर ८.८ असे कोरलेले असते त्याला अर्थ आहे: पहिला आकडा ताकदीचा, दुसरा तो कायमचा वाकण्यापूर्वी त्या ताकदीचा किती हिस्सा झेलतो याचा. त्याच्या जागी बिनखुणेचा स्वस्त बोल्ट घालून पावसाळ्यात कुंभार्ली घाट उतरणारा माणूस स्वतःच्याच नव्हे, मागे बसलेल्या मुलाबाळांच्या जिवावर दोन पैसे वाचवतो. आणि या जागी भोक बिघडले असेल, आट्यांविषयी शंका असेल, तर काम तिथेच थांबवून जाणत्या मिस्त्रीच्या हाती द्यावे. कुठे थांबायचे हे कळणे, हाही कारागिरीचाच भाग आहे.

शेवटी, ही पाळी येऊच नये म्हणून काय करावे? धरणाच्या सहा वक्र दरवाजांची देखभाल पाऊस येण्याआधी होते. दरवाजा ऐन पुरात अडकून चालत नाही. आपल्या गाडीचा हिशेब वेगळा नाही. मे महिन्यात एका रविवारी गाडीचे बूड धुऊन वाळवावे. जे बोल्ट सोडावे लागतात ते एकेक सोडून, आटे साफ करून, धुराड्याकडच्या बोल्टांना उष्णता सोसणारे खास वंगण आणि इतरांना हलके ग्रीस लावून पुन्हा बसवावेत. चाकांच्या नटांना मात्र कंपनीने सांगितल्याखेरीज वंगण लावू नये. घर्षण कमी झाले की तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो, हे वरच्या हिशेबावरून लक्षात येईलच.

आमच्या जीपचा तो तुटका तुकडा आम्ही अजून हत्यारपेटीत जपून ठेवला आहे. हाताला पाइप घ्यायचा मोह झाला की आधी तो दिसतो, आणि आम्ही मुकाट्याने तेलाची डबी उचलतो.