दोन हात उंचीचा वीर

मिलवॉकीला मुलीकडे निघालो, तेव्हा अमेरिका डोळे भरून पाहीन असा बेत होता. प्रत्यक्षात पाहत बसलो ते जेवणाच्या टेबलावर पसरलेले चार, सहा, आठ आणि वीस बाजूंचे रंगीत फासे! आमची अकरा वर्षांची नात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तयारीला लागली होती.

हा खेळ म्हणजे चारचौघांनी मिळून रचलेली गोष्ट. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत वावरतात, आणि बेत साधला की फसला हे फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, तोही मिलवॉकीपासून तासाभराच्या वाटेवरील लेक जिनिव्हा या गावातून.

नातीने पात्र निवडले ते हाफलिंग जातीचे. उंची अवघी तीन फूट. माणूस साडेतीन हातांचा, तर हा दोन हातांचा! आरंभी या जातीला टोल्कीन यांच्या कादंबरीतले ‘हॉबिट’ हेच नाव होते. पुढे हक्कधारकांनी हरकत घेतली, तेव्हा ते बदलले.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिन्हींची बेरीज मांडायची. असे सहा वेळा. नातीला १६, १४, १३, १२, १० आणि ८ मिळाले. आता कोणता आकडा कोणत्या गुणाला द्यावा, ही खरी मेख.

मी जन्मभर बँकेत आकडे मांडलेले. त्या घरी अजून २०१४ सालचे पुस्तक चालते, ते उघडून मी हिशेब केला. हाफलिंगला चपळाईत २ जादा मिळतात. १६ तिथे दिले की झाले १८. म्हणजे बाण मारताना, खंजीर चालवताना, लपताना वीस बाजूंच्या फाशात ४ मिळवायचे. ताकदीला ८ पुरे.

“अंग लहान आहे ना? मग मोठ्यांच्या आड लपावं आणि मागून बाण मारावा,” मी निकाल दिला.

नात थोडा वेळ फासे चाळवत राहिली. मग म्हणाली, “आजोबा, लहान असलं म्हणजे लपायचंच का? मला तलवार घेऊन पुढं उभं राहायचंय.”

शाळेच्या फोटोत दरवर्षी जिला पहिल्या रांगेत कडेला बसवतात, ती पोर हे विचारत होती. मी चपापलो, आणि नवा कागद घेतला.

दोन्ही हातांनी पेलायच्या जड तलवारीला त्या पुस्तकात लहान अंगाची आडकाठी आहे : दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा धरावा लागतो. पण साध्या लांब तलवारीला ही अट नाही. ताकदीला १६ दिले की वाराला ३ मिळतात. चपळाईला १४ आणि वरचे २ मिळून १६, म्हणजे तिथेही ३. हाफलिंगांतील ‘स्टाउट’ शाखेला काटकपणात १ जादा असतो. तिथे १३ ठेवले की १४ होतात. गुण दोनांनी वाढला तरच फाशात एक वाढतो. माझ्या बेतात काटकपणाला १४ होते. त्यांचे १५ झाले असते आणि तो एक फुकट गेला असता!

मग वाराला तूट किती? चाराऐवजी तीन. वीसांत एक, शंभरात पाच. एवढ्यासाठी मी पोरीला आडोशाला बसवायला निघालो होतो!

पण माझ्यासारखे पूर्वीचे नियमकर्तेही होतेच. १९७४ मध्ये हॉबिटला लढवय्या होता येई, पण चौथ्या पायरीपलीकडे चढता येत नसे. १९७८ च्या पुस्तकात हाफलिंगच्या ताकदीतून १ वजा होई, २००० मध्ये २. २०१४ ला ही वजाबाकी उरली नाही. २०२४ च्या पुस्तकात तर गुणांची वाढ जातीवरून न ठरता पात्राच्या पूर्वायुष्यावरून ठरते, आणि जड तलवारीला उंचीची अट नाही. ताकद १३ असली की झाले.

तेव्हा माझा सल्ला एवढाच. मुलांना आधी विचारा, ‘तुझ्या पात्राला करायचंय काय?’ मोठा आकडा त्या कामाला द्या, १ जादा मिळेल तिथे विषम आकडा ठेवा, आणि पुढे उभे राहायचे असेल तर काटकपणा विसरू नका. लहान अंगाची देणगी वेगळी आहेच : हाफलिंगला मोठ्या प्राण्याच्या पायांमधून निसटता येते, आणि वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तर तो पुन्हा टाकता येतो.

शनिवारी खेळ रंगला. अरुंद दारात एक धिप्पाड राक्षस आडवा आला. नातीने फासा टाकला, तो नेमका १! सगळ्यांनी कपाळाला हात लावला.

“थांबा, मी हाफलिंग आहे,” असे म्हणत तिने फासा पुन्हा उचलला. या खेपेला १७ पडले.

दारात ती एकटी उभी होती. मागे तिचे चार सोबती, सगळे तिच्याहून उंच.