शोधयंत्र आणि गृहस्थाचें गुपित

गेल्या चातुर्मासांत माझ्या उजव्या हाताला किंचित् कंप सुटूं लागला. लेखणी धरतांना तो विशेष जाणवे. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. कोणाजवळ बोलावें तर काढे, डॉक्टर आणि सल्ले यांचा भडिमार व्हावयाचा. म्हणून सर्व निजानीज झाल्यावर दिवाणखान्यांतील संगणकापुढें बसून ‘कंपवात’ हा शब्द मीं शोधयंत्रास विचारला आणि पुढें आलेलीं चार-पांच पानें वाचून काढलीं. दुसऱ्या दिवशीं त्याच संगणकावर नातू क्रिकेटचा धावफलक पाहात असतां, धावांच्या शेजारीं हात थरथरण्यावरील औषधांच्या जाहिराती झळकूं लागल्या. तिसऱ्या दिवशीं सूनबाईनें चहा पुढें केला तो पेला अर्धाच भरलेला होता, आणि तिची दृष्टि माझ्या हातावर होती. तिनें कांहीं विचारलें नाहीं; मींही सांगितलें नाहीं. परंतु जी गोष्ट मीं धर्मपत्नीच्याही कानीं घातली नव्हती ती साऱ्या घरास ठाऊक झाली होती.

धाकटा मुलगा संगणकाच्याच व्यवसायांत आहे. ‘एका स्नेह्याची शंका’ म्हणून मीं त्यास विचारलें. (तो हंसला, यावरून स्नेही कोण हें त्यानें ओळखलें असावें.) त्यानें सांगितलें तें असें. आपण शोधयंत्रास प्रश्न केला कीं प्रश्नाचे शब्द, वेळ आणि आपल्या जोडणीचा पत्ता हीं त्याजकडे जावयाचींच; उत्तर कोठें धाडावें हें त्यास कळावयास हवें. खरा मुद्दा उत्तर दिल्यानंतरचा आहे: ही नोंद जपून ठेवावी कीं टाकून द्यावी? ज्यांचा धंदा जाहिरातींवर चालतो अशीं मोठीं शोधयंत्रें ती ठेवतात. शिवाय आपल्या ब्राउझरांत ‘कुकी’ नांवाची ओळखचिठ्ठी ठेवलेली असते. तिच्यायोगें काल विचारणारा आणि आज विचारणारा एकच, हें त्यांस समजतें. पुढें जें पान आपण उघडतों त्यांतही जाहिरातदारांचे हेर बसलेले असतात, आणि एकाच कंपनीचे हेर असंख्य पानांवर असल्यामुळें, रात्रीं औषधाच्या पानावर दिसलेला संगणक सकाळीं धावफलकावर ओळखूं येतो. आमच्या संगणकावर माणसें अकरा. पण जाहिरातदाराच्या लेखीं इसम एकच!

‘आम्हांस लपविण्यासारखें आहे काय?’ असें पुष्कळ सज्जन म्हणतात. त्यांनीं अमेरिकेंतील एक हकीकत ऐकावी. ऑगस्ट २००६ मध्यें एओएल कंपनीनें संशोधकांच्या सोयीसाठीं आपल्या सुमारें साडेसहा लक्ष ग्राहकांनीं तीन महिन्यांत विचारलेले जवळजवळ दोन कोटि प्रश्न प्रसिद्ध केले. नांवें गाळून त्या जागीं केवळ अंक घातले होते. तरीही न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनीं एका अंकाखालचे प्रश्न जुळवून थोड्याच दिवसांत त्या वृद्ध विधवेचें घर गांठलें. कंपनीनें यादी मागें घेतली, परंतु तोंवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या. या हकीकतींत मला विशेष लागलें तें हें, कीं त्या बाईनें विचारलेले अनेक आजार तिचे नव्हतेच. मैत्रिणींच्या दुखण्यांची ती कळवळ्यानें चौकशी करी. यादी वाचणाऱ्यानें मात्र तिला सर्व रोगांचें माहेरघर ठरविलें असतें. माणूस जें विचारतो तें तो असतोच असें नाहीं. प्रश्नांची वही उत्तरांच्या वहीहून धोक्याची असते, ती यामुळें.

अशी वही न ठेवणारींही शोधयंत्रें आहेत. त्यांत ‘डकडकगो’ हें अमेरिकेंत २००८ सालीं गेब्रिएल वाइनबर्ग यांनीं सुरू केलेलें. विचारणाऱ्याचा पत्ता त्याच्या प्रश्नासह सांठवीत नाहीं, ही त्याची प्रतिज्ञा. मग त्याचा चरितार्थ कसा चालतो? जाहिरातींवरच; परंतु ती जाहिरात प्रश्नाकडे पाहून दिली जाते, प्रश्नकर्त्याकडे पाहून नव्हे. ‘छत्री’ विचारली तर छत्री दाखवावयाची आणि विसरून जावयाचें. त्याचीं उत्तरें बव्हंशीं मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’कडून येतात. नेदरलँड्समधील ‘स्टार्टपेज’ आपला प्रश्न स्वतः गूगलकडे नेतें, पण विचारणारा कोण हें सांगत नाहीं. पडद्याआडच्या स्त्रीचा निरोप दासीनें न्यावा तसें. ‘ब्रेव्ह’नें २०२१ पासून स्वतःचीच अनुक्रमणी उभारली आहे.

तथापि यांवर आंधळा विश्वास ठेवूं नये. २०२२ मध्यें असें उघडकीस आलें कीं डकडकगोचा फोनवरील ब्राउझर इतरांच्या हेरांस अडवी, पण इतर पानांवरील मायक्रोसॉफ्टच्या कांहीं हेरांस, करारामुळें, वाट देई. ओरड झाल्यावर त्याच वर्षीं ऑगस्टांत ती सवलत बव्हंशीं बंद झाली. आणि शोधयंत्र कितीही सचोटीचें असलें तरी पुढें उघडलेल्या पानावरील हेर त्याच्या हातचे नव्हेत. त्यांस अडविणारा ब्राउझर अथवा जोड निराळी लागते. जोडणी पुरविणाऱ्या कंपनीसही आपण कोणत्या स्थळीं गेलों हें सामान्यतः कळतेंच. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडली कीं आपण अदृश्य झालों, अशी आमच्या नातवाची समजूत होती. ती खिडकी इतिहास लपविते तो घरच्यांपासून, बाहेरच्यांपासून नव्हे. या प्रकरणीं २०२० मध्यें झालेल्या दाव्यांत गूगलनें २०२४ सालीं असंख्य नोंदी नष्ट करण्याचें कबूल केलें.

मराठी प्रश्नांस हीं नवीं यंत्रें कित्येकदां तोकडीं पडतात, आणि जवळचें दुकान शोधावयाचें तर जुनेंच सरस, हा माझा अनुभव आहे. म्हणून दुकानासाठीं मी जुन्याकडे जातों. दुखणें, कर्ज, कोर्टकचेरी यांसाठीं नव्याकडे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानें निर्णय दिला खरा. पण घरांतील संगणकावर तो आपोआप बसत नाहीं. सेटिंगमध्यें जाऊन मुख्य शोधयंत्र बदलण्यास मुलाला दोन मिनिटें लागलीं, मला शिकण्यास दोन दिवस.

हाताचें म्हणाल तर तो कंपवात नव्हे असें डॉक्टरांनीं सांगितलें. वय झालें आणि चहा फार होतो, इतकेंच. परवां दुपारीं सूनबाई फोन घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “मामंजी, तें बदकाचें चित्र असलेलें माझ्याही फोनवर लावून द्याल का?” मीं लावून दिलें. कशासाठीं, हें विचारलें नाहीं.