सर्पदंशावरील औषध : घोड्याच्या रक्तापासून प्रयोगशाळेपर्यंत

पावसाळ्याच्या दिवसांत भाताच्या खाचरात, उसाच्या पाल्यात किंवा कडब्याच्या गंजीपाशी काम करणाऱ्यास सापाचे जे भय वाटते, ते अनाठायी नाही. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार, दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत करण्यात आला. हे मृत्यू मुख्यत्वेकरून खेड्यांतील असून त्यांतील बरेचसे रुग्णालयाबाहेर घडलेले आहेत. सन २०३० पर्यंत त्यांची संख्या निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र शासनाने २०२४ साली जाहीर केला. सर्पविषावरील औषध तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच हाती आले आहे. मग इतकी माणसे का दगावतात, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी त्या औषधाच्या घडणीतच आहे. म्हणून ते कसे तयार होते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्या दूर करण्यासाठी शास्त्रज्ञ काय करीत आहेत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रतिविष कसे तयार होते

सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात घोड्यास टोचले व पुढे ते प्रमाण क्रमाक्रमाने वाढवीत नेले, तर घोडा मरत नाही. उलट त्या विषाला बांधून निकामी करणारी द्रव्ये त्याच्या रक्तात तयार होतात. या द्रव्यांस प्रतिपिंडे असे म्हणतात. काही महिन्यांनी घोड्याचे रक्त बेताबेताने काढून त्यातील तांबड्या पेशी वेगळ्या करतात व त्या पुन्हा घोड्याच्या शरीरात सोडतात. उरलेल्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे शुद्ध करून घेतात, ती सुकवितात आणि कुपीत भरतात. हीच सर्पदंशाची ‘लस’ म्हणून खेड्यापाड्यांत ओळखली जाते. वास्तविक ती लस नव्हे. आधी टोचून घेतल्याने पुढे दंशापासून संरक्षण मिळते, असा तिचा गुण नाही. दंश झाल्यावर व विषाची लक्षणे दिसू लागल्यावर शिरेतून देण्याचे ते औषध आहे. कुपीतील भुकटी शीतपेटीवाचूनही टिकते, ही गोष्ट वीज वारंवार जाणाऱ्या गावांच्या दृष्टीने मोठ्या सोयीची होय.

ही युक्ती १८९४ च्या सुमारास फ्रान्समधील आल्बेर काल्मेत या शास्त्रज्ञाने पुढे आणली. नागविषावरील आपले औषध सर्वच सापांच्या विषावर चालेल, अशी त्याची समजूत होती. ती टिकली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात झालेल्या प्रयोगांत, नागाच्या विषावरील औषध घोणसाच्या विषावर निरुपयोगी ठरते, हे स्पष्ट झाले. कारण ही दोन्ही विषे मुळातच भिन्न आहेत. नागाचे विष मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यात, कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसे अडकून बसते. त्यामुळे पापण्या मिटू लागतात व पुढे श्वास थांबतो. मण्याराचे विष तर मज्जातंतूची टोकेच नष्ट करते. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते, आणि घोणसाचे विष त्याखेरीज मूत्रपिंडेही बिघडविते.

यावर उपाय म्हणून नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांची विषे घोड्यांस टोचून एकत्रित प्रतिविष तयार करण्यात येऊ लागले. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घ काळ जोडलेले आहे. लागणारे विष पुष्कळ अंशी तामिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांनी १९७८ साली स्थापन केलेल्या सहकारी संस्थेकडून येते. हे लोक साप पकडून त्यांचे विष काढतात व ठराविक वेळा विष काढून झाल्यावर सापांना पुन्हा रानात सोडून देतात.

एका कुपीची ताकद

एका कुपीतील औषध नागाचे किंवा घोणसाचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निकामी करू शकते. मण्यार व फुरसे यांच्या बाबतीत हे प्रमाण साडेचार मिलिग्रॅम आहे. घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. यावरून एकदोन कुप्यांनी काम का भागत नाही आणि उपचाराचा आरंभच बहुधा दहा कुप्यांनी का करतात, हे ध्यानी येईल. लहान मुलास औषध कमी लागत असेल, हाही समज चुकीचा आहे. साप मुलाला पाहून विष कमी सोडीत नाही. म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या द्याव्या लागतात.

या औषधाचे उणेपण तीन प्रकारचे आहे. ते घोड्याच्या रक्तातील असल्याने काही रोग्यांस अंगावर पित्त उठणे, धाप लागणे, रक्तदाब एकाएकी उतरणे असा त्रास होतो. त्यावरील इंजेक्शन हाताशी ठेवूनच डॉक्टर हे औषध देतात. तेव्हा ते घरी टोचून घेण्याजोगे नाही.

दुसरे उणेपण विषाच्या प्रदेशपरत्वे बदलण्यात आहे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे कार्तिक सुनगर व त्यांचे सहकारी यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दाखवून दिले की, एकाच जातीच्या सापाचे विष निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या घडणीचे असते, आणि दक्षिणेकडील विषापासून बनविलेले प्रतिविष इतर ठिकाणी कमी पडू शकते. शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. एकाच वाणाची ज्वारी दोन जमिनींत सारखी येत नाही. शिवाय चारांखेरीज इतर विषारी सापही आहेत. सह्याद्रीतील चापड्याच्या विषावर हे औषध बनविलेलेच नाही, मात्र त्याचा दंश क्वचितच प्राणघातक होतो.

तिसरे उणेपण सर्वांत महत्त्वाचे. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते. जे नुकसान होऊन गेले ते भरून काढीत नाही. मण्याराने मज्जातंतूंची टोके नष्ट केल्यानंतर कितीही कुप्या दिल्या तरी ती परत येत नाहीत. नवी टोके फुटेपर्यंत रोग्याला यंत्राच्या साहाय्याने श्वास देत राहावे लागते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावतो. दंश दुखत नाही, खूणही नीटशी दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते व पापण्या जड होतात. अशा माणसाला पोटदुखीचा काढा देत बसल्याने जे तास जातात, तेच औषधाच्या उपयोगाचे तास असतात.

नव्या दिशा

अलीकडील संशोधनाचा रोख घोड्यावाचून प्रतिपिंडे मिळविण्याकडे आहे. मानवी प्रतिपिंडांचे अब्जावधी नमुने यीस्टच्या पेशींवर तयार करून, त्यांतून विषाला घट्ट पकडणारा नमुना निवडून काढता येतो. यीस्ट म्हणजे पाव फुगविण्यासाठी वापरतात तेच किण्व. भारतीय विज्ञान संस्था व अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी या मार्गाने मिळविलेले एक प्रतिपिंड २०२४ साली प्रसिद्ध केले. नाग, मण्यार व आफ्रिकेतील मांबा यांच्या विषात जो एक मज्जाघातक घटक थोड्याफार फरकाने असतो, त्याला ते निकामी करते. उंदरांवरील प्रयोगांत विष टोचल्यानंतर वीस मिनिटांनी दिले असताही त्याने उंदीर वाचविले. अशी निवडलेली प्रतिपिंडे पुढे मोठ्या पात्रांत पेशी वाढवून तयार करता येतील व ती मानवी घडणीची असल्याने त्रासही कमी व्हावा, अशी अपेक्षा आहे.

दुसरा मार्ग अधिकच विस्मयकारक आहे. विषातील घटकाचा आकार पाहून त्यावर बरोबर बसेल असे लहानसे प्रथिन संगणकावर आखायचे व मग ते जिवाणूंकडून बनवून घ्यायचे! अमेरिकेतील डेव्हिड बेकर यांना प्रथिनांच्या अशा आखणीबद्दल २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या व डेन्मार्कमधील सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, अशा प्रथिनांनी घातक मात्रेतील विषघटक टोचलेले बहुतेक उंदीर जगले, असे जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरा प्रयत्न गोळीचा आहे. वारेस्प्लाडिब हे औषध मूळचे हृदयविकारासाठी तपासले गेलेले. ते अनेक सर्पविषांतील एका पाचक द्रव्याला अडविते. भारतात व अमेरिकेत सर्पदंशाच्या रोग्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर ते देऊन पाहण्यात आले. सर्व रोगी मिळून ठोस फरक दिसला नाही; परंतु ज्यांना दंशानंतर पाच तासांच्या आत ते मिळाले, त्यांच्यात लाभाची चिन्हे आढळली. दंश झालेल्या जागीच घेता येईल अशी गोळी निघाली, तर वाडी ते तालुका या अंतरातला काळ वाया जाणार नाही. तूर्त ती बाजारात नाही.

यांतील प्रतिपिंडे व प्रथिने अद्याप उंदरांपलीकडे गेलेली नाहीत, शिवाय ती मुख्यतः नाग-मण्यार कुळाच्या विषाविरुद्ध आहेत. घोणस व फुरसे यांचे विष अधिक गुंतागुंतीचे असून त्यावर एकाच प्रतिपिंडाने भागणार नाही. म्हणून आज रोग्याचा भरवसा घोड्यापासून मिळणाऱ्या कुपीवरच आहे, आणि ती वेळेवर मिळणे हे गावाच्या तयारीवर अवलंबून आहे.

दंश झालेल्या माणसास चालवू नये. अंगठ्या, कडी, पैंजण काढून घ्यावेत. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवावा. जखम कापणे, चोखणे किंवा वर करकचून दोरी आवळणे यांनी अपायच होतो. साप मारून आणण्यात वेळ दवडू नये. रक्तावर विषाचा परिणाम झाला की नाही, हे डॉक्टर थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवून पाहतात. ते न गोठल्यास कुपी सुरू करतात. ही तपासणी लहान आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वीच आशा सेविकांच्या मदतीने दोन गोष्टींची चौकशी करून ठेवावी : जवळच्या कोणत्या केंद्रात किमान दहा कुप्या शिल्लक आहेत, आणि श्वास देणारे यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे. ही दोन नावे व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, आणि कुप्यांची चौकशी पावसाळाभर दर महिन्यास पुन्हा करावी.