तुळशीला थंडी बाधते, सावली नाही

मैत्रिणींनो, पौषात आपल्या बुलडाणा जिल्ह्यात थंडी कशी पडते, हे काही तुम्हाला सांगायला नको. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी पहाटेच सिंदखेडराजाला निघायचं म्हटलं, की स्वेटर, शाल, कानटोपी सगळं बाहेर निघतं. आमच्या लोणारला सरोवराच्या काठावर सकाळचा वारा सुटला की हात बधिर होतात. माणसांची आपण सोय करतो, गोठ्यातल्या गाईवर पोतं टाकतो. पण अंगणातल्या तुळशीचं काय? कुंडीतल्या मनीप्लांटचं, क्रोटनचं काय? एका रात्रीत पानं काळी पडतात, शेंडे माना टाकतात.

इतर झाडांचं एक वेळ चालून जातं. तुळस वाळली की मात्र घरात कुजबुज सुरू होते. 'आता घरावर काहीतरी येणार' असं कुणी म्हणतं. आणि बोट शेवटी घरातल्या बाईकडेच जातं.

मागच्या पौषात आमच्या गल्लीत असंच झालं. लग्न होऊन वर्षही न झालेली सून बचत गटाच्या बैठकीला दोनदा आली नाही, म्हणून मी घरी गेले. पोरगी रडून रडून अर्धी झालेली. सासूबाई म्हणाल्या, "विटाळात हिची सावली पडली ताई, म्हणून तुळस जळाली." मी म्हटलं, "काकू, तुमच्या परसातली पपईही काळी पडली आहे. समोरच्यांच्या क्रोटनची पानं गळाली. त्यांच्यावर कुणाची सावली पडली?" काकू गप्प झाल्या. मग मी तुळशीच्या खोडाची साल बुडाजवळ नखाने जराशी खरवडून दाखवली. आत हिरवंगार होतं. "तुळस जिती आहे काकू, फक्त गारठली आहे," असं सांगितलं तेव्हा त्या पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. शिमग्याच्या सुमारास त्याच खोडाला बुडापासून फुटवे आले.

यात चमत्कार काही नाही. तुळस हे उष्ण हवेतलं झाड आहे. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरू लागला की तिला सोसत नाही. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी होऊन ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली गेलं, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं. अशा रात्री पानांच्या पेशींना इजा होते. पान आधी उकडल्यासारखं दिसतं, मग काळं पडून वाळतं. आभाळ निरभ्र असेल तर उघड्यावरच्या झाडाची ऊब सरळ वर निघून जाते. म्हणून अंगणाच्या मधोमध असलेली तुळस करपते आणि पडवीतली हिरवी राहते. त्यात कार्तिकात लग्न लागेपर्यंत तुळस मंजिऱ्यांनी लदलेली असते. बी धरून ती आधीच थकलेली असते. शिवाय एकच झाड सहसा दोन-तीन वर्षंच चांगलं राहतं. जून झालेली तुळस वाळणं हा निसर्गच आहे.

थंडीचा तडाखा शेतकऱ्याला चांगला माहीत असतो. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात. जळगावकडे थंड वारा अडवायला केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात. तिथे कुणी सुनेची सावली शोधत बसत नाही. मग अंगणातल्या वृंदावनापाशीच ती का शोधायची?

आता करायचं काय, ते बघू.

पहिली गोष्ट, झाड उपटू नका. शेंड्याकडून खाली येत येत नखाने साल जराशी खरवडा. जिथे आत हिरवं आणि ओलसर लागेल, तिथून खाली झाड जिवंत आहे. बुडापर्यंत तपकिरी आणि कोरडं लागलं, तरच आशा सोडायची.

दुसरी गोष्ट पाण्याची. पान मलूल दिसलं की आपण तांब्याभर पाणी ओततो. इथेच घात होतो. माती थंड असली की मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली असूनही झाड सुकलेलं दिसतं, आणि आणखी पाणी घातलं की मुळं कुजतात. म्हणून बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा. कोरडं लागलं तरच, ऊन वर आल्यावर थोडं पाणी घाला. तेही माठातलं गार नको. रोज पाणी घालायचा नेम असेल तर पळीभर वाहून नमस्कार करा. पाणी धारेवरून आणलेलं असो की नळाचं, थंडीत तेवढं पुरे.

तिसरी गोष्ट, कात्री लावायची घाई नको. वाळलेली पानं आणि काड्या खालच्या जिवंत भागाला आडोसा देतात. मंजिऱ्या मात्र खुडून घ्या. छाटणी थंडी ओसरल्यावर, महाशिवरात्रीच्या सुमारास, हिरव्या भागाच्या जरा वर करा.

चौथी गोष्ट, खत नको. आजारी माणसाला आपण पुरणपोळी वाढतो का? नवे फुटवे बोटभर झाले की मग मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत द्या. ताजं शेण नकोच.

कुंडी हलवता येत असेल तर रात्री पडवीत, भिंतीशी आणि जमिनीपासून थोडी उंच ठेवा, कारण थंड हवा जड असते, ती खाली बसते. चुलीला किंवा हीटरला चिकटून ठेवू नका. वृंदावन हलत नाही. त्याच्या चारी बाजूंना काड्या रोवून दिवस मावळताना जुनी सुती साडी किंवा पोतं टाका, आणि सकाळी ऊन आलं की काढा. दिवा जरा लांब ठेवा, म्हणजे कापड पेटायचं भय नाही.

मनीप्लांटची काळी, लिबलिबीत पानं काढून टाका. वेलीचे पेर टणक असतील तर उन्हाळा लागताच तिथून कोंब येतात. क्रोटनची पानं गळली तरी फांद्या हिरव्या असतात, त्याला वेळ द्या. कोरफडीचा पिचपिचीत भाग कापा आणि जखम सुकेपर्यंत पाणी देऊ नका.

एवढं करूनही तुळस गेलीच, तर मनाला लावून घेऊ नका. खुडलेल्या मंजिऱ्या सुकवून बी पुडीत बांधून ठेवा. थंडी सरल्यावर ते कुंडीत भुरभुरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या, आणि रोपं येईपर्यंत माती ओलसर ठेवा. ही पेरणी घरातल्या लेकीसुनांच्या हातून करून घ्या. कुणाची पाळी आहे, हे त्या दिवशी विचारू नका.